जादा कुपी

विडी घरकुलात सकाळी नऊला
मी पेटी उघडते, जेवणाच्या डब्याएवढीच :
नळी, झडप, बोटभर काचेची कुपी.
"सहा मोजेपर्यंत फुंका, काका. मध्ये थांबू नका."

नरसय्या येमुल नळी ओठांना लावतात
आणि ओढतात.
आत.
दिवा हिरवा होत नाही.

"उलटं, काका. बाहेर."
पुन्हा आत.
सून तेलुगूत काही बोलून हसते,
तिच्या मांडीवरच्या सुपात तंबाखू हलते.

मग तेच सांगतात, दम घेत घेत :
"एकतीस वर्षं धोट्याच्या भोकाला तोंड लावून
सूत ओढलं, बाई.
दर कांडीला एक ओढ.
तोंडाला दुसरं वळणच नाही."

मी नोंदवहीत रकाना शोधते.
वय आहे, वजन आहे, खोकला किती आठवडे आहे.

तिसऱ्यांदा फुंकतात.
चार… पाच…
पाचावरच खोकला. तरी दिवा लागतो.
बूच लावते, नाव चिकटवते,
एवढासा श्वास, त्याला एवढं लांब नाव.

उंबऱ्यात सून विचारते,
"विडीवाल्यांचं कधी?"
यादी फक्त मागवाल्यांची.

चप्पल घातलेली मी परत काढते.
"सूप खाली ठेव," म्हणते,
"आणि आधी चूळ भर."