पन्नास हर्ट्झ

जाळं सोडून पाऊण तास झाला.
अजून दोन तास तरी काही नाही,
इंजिनाची घरघर
आणि फिशफाइंडरवर निळ्यात पिवळे ठिपके,
बांगडा असेल, नाहीतर नुसता गाळ.

दिलबहादूरनं केबिनच्या दारातून डोकं घातलं.
दैलेखचा पोरगा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो हर्णै बंदरात,
आणि मग तीन दिवस ओकत होता.
हातात ते यंत्र, साबणाच्या वडीहून थोडं मोठं,
खाऱ्या वाऱ्याच्या भीतीनं
प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर.
"तांडेल, तुमचावाला गेम सापडला."

हो, हाच.
हातोडीवाला बुटका, दोरीचे पूल,
पुलाखाली हिरव्या मगरी, सगळ्या एका साच्यातल्या.
एवढ्याशा काचेत सगळं जागच्या जागी.
पण धून पळतेय.
लिलावात भाव ओरडणाऱ्याला गाडी पकडायची असावी
तशी पळतेय.
बुटका माझ्या अंगठ्याआधी उडतो
आणि थेट मगरीच्या तोंडात.
तीनदा. चारदा.
वय झालं म्हणावं, तर चव्वेचाळीस हे काय वय?

मुबीनच्या पडवीत असा पळत नव्हता तो.
कुवेतहून आलेला डबा, त्यावर क्रोशाचा रुमाल,
एका जिवाला आठ आणे.
सुलेमानचाचा आरामखुर्चीत,
मनगटावरचं घड्याळ कुवेतच्याच वेळेवर,
परत येऊन सहा वर्षं झाली तरी.
हवेनं कॅसेटच्या पितळी दातांना हिरवं चढायचं.
मुबीन खोडरबरानं घासायचा,
पालथ्या हातानं नाक पुसायचा, मग फुंकर.
बर्फ फॅक्टरीचा कॉम्प्रेसर सुरू झाला
की चित्र चारी बाजूंनी दोन बोटं आत यायचं.
आम्हाला वाटायचं, तेही गेममध्येच आहे.
त्या वेळी मगरी जास्त चावतात,
असं मुबीन शपथेवर सांगायचा.

दिलबहादूर हसला.
"तांडेल, हा साठवर चालतो. साठ हर्ट्झ.
बनवला तिकडे साठवरच.
तुमच्याकडचे टीव्ही पन्नासचे, म्हणून तुमचा हळू."
"मग पन्नास कर."
"पन्नास कोणी लावत नाही. पन्नास चुकीचा आहे."
"लाव रे."

त्यानं चार पानं उलटली, एक खूण केली,
आणि धून आली.
गुडघाभर ओहोटीतून चालल्यासारखी,
प्रत्येक सुराला पाय उचलून टाकावा लागतो अशी.
ज्यानं ती बांधली
त्यानं अशी कधी ऐकलीही नसेल.
बुटका उडाला, माझ्या अंगठ्याबरोबर,
आणि पलीकडे पोचला.

मग दिलबहादूरनं दुसरी गंमत शिकवली:
दोन बटणं एकदम दाबायची,
जिथे आहेस तिथे जतन. मेलास तर तिथूनच पुन्हा.
लाज वाटली, खोटं कशाला सांगू.
मग प्रत्येक पुलाआधी दाबली.
पूल मोडायच्या आधी, मगर आ करायच्या आधी,
काहीच होणार नव्हतं तिथेही दोनदा दाबली.
आठ आणे कोण मागणार आता?
बर्फ फॅक्टरीच्या भिंतीतून पिंपळ आलाय,
आणि मुबीन दोह्यात क्रेन चालवतो,
सणाला फोटो पाठवतो, त्यात पोट पुढे आणि मुलं मागे.

फोन यंत्राच्या तोंडाशी धरला.
वीस सेकंद धून, मागे इंजिन,
शेवटी मीच, "ओळख."
इथे रेंज कुठली.
निरोपाशेजारी छोटंसं घड्याळ बसून राहिलं.

पहाटे दोनला विंच फिरवली.
गाळच निघाला जास्त, थोडा राणीमासा,
एक प्लास्टिकची खुर्ची, तीन पायांची,
तीवर दिलबहादूर ऐटीत बसला आणि आडवा झाला.
परतीला मीच सुकाणूवर.
सुवर्णदुर्गाचा काळा ढीग उजाडण्याआधी दिसला,
त्यामागे टॉवरचा लाल दिवा,
खिशात फोन एकदा थरथरला.
काढला नाही. पाण्याखाली खडक आहेत तिथे,
आणि तिथे ती दोन बटणं नाहीत.
ओठांवर मात्र धून चालू होती,
पन्नासवरच.