पिछाडीचा हिशेब

सोहार बंदराच्या पाठीमागे
आमच्या खोलीत सहा खाटा, एक राउटर
आणि गुरुवारी रात्री दहानंतर
एक साम्राज्य.

रोनेल सेनापती. दिवसा क्रेन चालवतो,
म्हणून आपल्याला सगळं वरून दिसतं असं त्याला वाटतं.
गुलफाम बिनीला; स्वातचा, घाईचा,
घोडा घेतला की आधी त्याचं नाव ठेवणारा.
शिनोजकडे तीन अग्निसर्प, पंखांसकट.
खडकबहादूर चंदावलीला, फौजेच्या शेपटाशी,
जिथं धूळ पोटभर मिळते.
आणि मी कोठीवर.
ती जागा कुणालाच नको होती.

मी दिवसाही कोठीवरच असतो.
उणे अठरा अंशांत ब्राझीलच्या कोंबड्या,
आधी आली ती पेटी आधी बाहेर,
बाहेर पंचेचाळीस, आत कानटोपी.

काळ्या घाटातल्या किल्ल्यावर पहिली स्वारी निघाली तेव्हा
रोनेल म्हणाला, अग्निसर्प पुढे.
मी म्हटलं, एकाला दिवसाला चौदा बकऱ्या,
चौदा त्रिक बेचाळीस, मुक्काम चार,
एकशे अडुसष्ट बकऱ्या.
आणि त्या बकऱ्या काय खाणार?
घाटात गवताची काडी नाही.
सगळे हसले. कोठीवाले, लढाईला चाललोय, बाजाराला नाही.

तिसऱ्या मुक्कामाला अग्निसर्पांनी
गुलफामचे घोडे खाल्ले.
नावं ठेवलेले, सगळे.

मग दोन महिने लढाई नाही.
मी विहिरी खणल्या, सात,
एकीपासून दुसरी खेचराच्या एका मजलेवर.
प्रत्येक विहिरीला चौकी, चौकीला बळद,
बुणग्यांची नावनिशी, लमाणांशी करार,
मीठ वेगळं, नाल वेगळे.
खेचराच्या पाठीवर एक मण, खेचराला रोज पाच शेर चंदी:
म्हणजे आठव्या दिवशी
खेचर स्वतःचंच ओझं खाऊन रिकामं.
हे उमगलं त्या रात्री मी खाटेवर उठून बसलो
आणि का कोण जाणे,
गावी पाठवलेल्या पैशांची वही काढली.
अकरा वर्षांची.
परत ठेवून दिली.

किल्ला एकोणिसाव्या दिवशी पडला.
त्यांची भाकरी संपली, आमची संपली नाही.
एवढीच लढाई.
मानकऱ्यांच्या फलकावर रोनेल, गुलफाम, शिनोज,
गुलफामच्या नव्या घोड्याचंसुद्धा नाव.
खडक सातव्या विहिरीवर पहाऱ्याला होता.
वरच्या खाटेवरून खाली वाकून विचारलं त्यानं,
दाजू, जिंकलो का?

मार्चमध्ये त्याच्या कंपनीचं कंत्राट तुटलं.
दोन दिवसांत विमान. जाताना पंखा मला दिला,
चार्जर शिनोजला.
त्याच्या खाटेवर आता एक नवीन पोरगा आहे,
क्रिकेट बघतो, आवाज मोठा ठेवून.

पण विहिरीपाशी खडक तसाच उभा आहे.
भाला उजव्या हातात, तोंड घाटाकडे.
खेळाचा नियम असा की
तीस रात्री शिधा चुकला
तर शिपायाचं नाव पटावरून पुसलं जातं.

फौज आता समुद्राकडे गेली,
घाट मागे पडला, विहिरींचं काम उरलं नाही.
तरी महिन्यातून एकदा, साधारण पंचविसाव्या रात्री,
मी एक खेचर उलट्या वाटेनं सोडतो.
जाताना सहा मुक्काम, येताना सहा,
पाठीवर शिधा थोडाच, बाकी त्याचीच चंदी,
वाटेतल्या चौक्यांवर थोडी थोडी ठेवत.
हिशेबात न बसणारं काम.

परवा रोनेलनं वही उघडली.
सातव्या विहिरीच्या नावावर हा खर्च कसला?

उंदीर, मी म्हटलं.
कोठी म्हटली की उंदीर आलेच.