रुद्राचं मांजर

पाकिटावर लिहिलं होतं, डबल.
आत पन्नास बिया म्हणे.
उलटं केलं तर तळहातावर
बॉबिनच्या खाचेत साठते तेवढी धूळ.
मी शिंकले असते
तर वडगावातली माझी बाग अनगोळात उगवली असती.

दसऱ्याला मशीनला हार घातला
आणि दुसऱ्या दिवशी, गिऱ्हाइकं यायच्या आधी,
कुंद्याच्या रिकाम्या डब्याला दाभणाने भोकं पाडून
चाळलेली लाल माती भरली, निम्मी वाळू.
बी वर नुसतं टेकवायचं.
टिकली लावताना बोट दाबतो तेवढंच दाबायचं.
झाकायचं नाही, ह्याला उगवायलाच उजेड लागतो.
चाळीस वर्षं मी सगळं आत दुमडून शिवत आले,
टोक दिसू नये, टाका दिसू नये.
उघडं ठेवायला हात धजेना.

बारा दिवस काही नाही.
मग एकोणीस ठिपके, हिरवे,
त्यातले पाच माझ्याच पाण्याने माना टाकून गेले.
उरलेले चौदा, चार-चार पानांचे झाल्यावर,
धुण्याच्या दगडापासून भिंतीपर्यंत
टेपने बारा-बारा इंच मोजून लावले.
पानं खरखरीत, केसाळ, जमिनीला धरून बसलेली.
ह्याला फूल येईल असं
कुणाच्या बापाला वाटलं नसतं.

लग्नसराईचे सतरा ब्लाउज, मशीन जोरात,
आणि भिंतीपलीकडून नीलव्वाने विचारलं,
‘कळे तेगीली एनरी?’
मी ऐकलं, कळी.
आतूनच ओरडले, ‘होय की!’

बाहेर आले तर तीन रोपं मुळांसकट,
सुतळीने नीट जुडी बांधून, धुण्याच्या दगडावर.
शेजारधर्म.
कानडीत कळे म्हणजे तण.
मी काही बोलले नाही.
तिला कळलं.
दिवेलागणीला ती वाकून
त्याच तीन खड्ड्यांत ती परत उभी करत होती,
मातीशी काहीबाही बोलत.
एक जगलं.

‘नाव तरी काय ह्याचं?’
‘रुडबेकिया.’
‘रुद्र-बेक्कु?’ आणि हसली ती, खांबाला धरून.
बेक्कु म्हणजे मांजर.
मी पानावरून बोट फिरवलं.
जीभ. अगदी मांजराची.

शिमग्याच्या आधी पहिलं उमललं.
पाकळीवर पाकळी, त्यावर आणखी,
लहान मुलीच्या फ्रॉकला
आईने हौसेनं लावलेली झालर, कापड उरलं म्हणून.
पिवळं, तळाशी कत्थई,
मधलं काळं बोंड कुठे शोधायचं!
आठ रोपं अशी.
आणि चार साधी, एकाच घेराची,
मधे काळी घुंडी उघडी टाकून.
मी पाकीट परत काढलं, चष्मा लावला,
खाली मुंगीएवढ्या अक्षरात:
काही रोपे एकेरी येऊ शकतात.

नीलव्वाने जगवलेलं त्या चारांतलंच.
तिला वाटलं, तिच्या हातानेच पदर गळाले.
दोन दिवस भिंतीकडे फिरकली नाही.
मग मीच हाक मारून दाखवलं:
मधमाशी डबलवर येते,
झालरीत इकडे शिरते, तिकडे शिरते,
वाट न सापडून निघून जाते
आणि तिच्या एकेरीवर बसते,
पाय पसरून, घरच्यासारखी.

वैशाखात बोंडं वाळली.
चुरगाळली तेव्हा दोन्हीचं बी सारखंच निघालं,
काळं, बारीक, कुठलं कशाचं सांगता न येणारं.
उरलेल्या लग्नपत्रिकेच्या पाकिटांत भरलं,
एक मला, एक तिला.
वर काय लिहायचं?
डबल लिहिलं आणि खोडलं.
नीलव्वाने पेन मागून घेतलं,
कानडीत काहीतरी लिहिलं, मला वाचता येत नाही,
आणि शेजारी, मला कळावं म्हणून,
दोन कान काढले
आणि सहा मिशा.