कुणी आलंच तर

दांडिया बाजारात, घड्याळजीच्या वरच्या माळ्यावर
मी कवळ्या बनवतो. पाटी वडिलांच्या वेळची,
'खानविलकर डेंटल लॅब', त्यातला 'ब' उडालेला.

काचेच्या कपाटात प्लास्टरचे जबडे, आणि मधोमध
एक दात, माझ्या पंजाएवढा, काळपट,
कडेची करवत अजून शाबूत.
भुजच्या एका ट्रकवाल्याने दिला,
सासूच्या कवळीचे राहिलेले तीनशे फेडायला.

लोक माप द्यायला येतात, तोंडात गुलाबी लगदा धरून.
बोलता येत नाही, तेव्हा बोटाने त्याच्याकडे दाखवतात.
लगदा निघाला की पहिला प्रश्न: आहे का अजून?
'होता का' कुणीच विचारत नाही.

मी सांगतो, छत्तीस लाख वर्षं झाली, संपला.
छत्तीस लाख हा आकडा इथे
फ्लॅटच्या किमतीसारखा ऐकतात:
म्हणजे बसून बोललं तर थोडं कमी होईल.

हेमांगिनी दिघे, भूगोल शिकवायच्या, म्हणतात,
सगळा समुद्र पाहिलाय कुणी?
त्यांनी पाहिला तो द्वारकेला, गुडघ्यापर्यंत.

जिवाजीराव मोहिते जहाजावर ऑइलर होते.
मादागास्करच्या पलीकडे, रात्री दोनला, इंजिन बंद असताना
जहाजाला कुणी तरी खालून खाजवलं.
कठड्याशी बारा माणसं. वाकून एकानेही पाहिलं नाही.
त्या बारा न वाकलेल्यांवर
जिवाजीरावांचा शार्क इतकी वर्षं तरंगतोय.

खालचा रफीक घड्याळजी भिंग डोळ्यावरून न काढता:
"विश्वामित्रीत मगर आहे ना, साहेब?
पुराच्या साली वडसरला, मेहुण्याच्या स्कूटरखाली निघाली.
डायनॉसोरच्या जमान्यातली चीज, जिन्याखाली!
मग समुद्रात काय जागा कमी आहे?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही.
काळा घोडाच्या पुलावरून मीही रोज खाली बघतो.
चिखल असतो. मग चिखलातला एक तुकडा
पाण्यात सरकतो, आणि मागे हॉर्न वाजतात.

मला स्वतःला अर्धवट पटतं ते धंद्याच्या कारणाने.
दात म्हणजे मेल्याचा दाखला नव्हे.
दात पडून माणसं वीस-वीस वर्षं जगतात,
मटण मागतात, भाडेकरूशी भांडतात,
एकाने तर दुसरं लग्न केलं, माझ्याच कवळीवर.
शार्क तर जन्मभर दात सांडत फिरतो.
सांडले म्हणून गेला कसा म्हणायचं?

पण मग एखादा पांढरा सापडला असता.
सापडतात ते सगळे दगड झालेले.
पांढरा आणा, मी दुकान बंद करून
तुमच्याबरोबर किनाऱ्यावर येतो, असं मी म्हणतो.
समोरचा गप्प होतो, लगद्याचा कण जिभेने शोधत बसतो,
आणि मला उगाच
त्याचं काही तरी बुडवल्यासारखं वाटतं.

मागच्या खोलीत चौदा पेले आहेत.
बनवून घेतल्या आणि न्यायला कुणी आलं नाही, अशा कवळ्या.
कोरड्या पडल्या की वाकतात, म्हणून पाण्यात.
पेल्यावर चिकटपट्टी:
पद्मजा गुप्ते, वरची-खालची, आगाऊ दोनशे.
गुप्तेबाईंचा फोटो मार्चमध्ये पेपरात होता,
ओठ मिटून हसताना.
पट्टी मी काढलेली नाही.

दर रविवारी पाणी बदलतो.
बायको विचारते, कुणासाठी?
कुणी आलंच तर, मी म्हणतो,
आणि नळ थोडा मोठा सोडतो.

काल रात्री चौदाही पेल्यांत पाणी हललं.
जबडे तळाशी एकमेकांवरून सरकले, किंचित उघडले.
खाली रस्त्यावर पालिकेचा रोलर असणार,
हल्ली रात्रीच चालवतात.

मी खिडकीपर्यंत गेलो नाही.