अडीच इंच

डुलुथमध्ये जमीन हिवाळ्यात अंग वर काढते.
मातीतलं पाणी गोठतं, फुगतं, फरशीला खालून खांदा देतं,
आणि एप्रिलअखेर बर्फ ओसरला
की फरशी परत बसते,
पण जिथून उठली तिथे नाही.

हिल्का तेर्वोच्या मागच्या अंगणात अशा तीन उंच्या होत्या.
दारापाशी सात इंच,
ग्रिलच्या ओट्याला चार,
आणि मधोमध, लायलॅकच्या सावलीत, अडीच.

मी म्हणालो, सातांचं भय नाही.
सात दिसतात, पाय त्यांना मान देतो.
अडीच कुणाच्या खिजगणतीत नसतात,
तिथंच माणूस तोंडघशी पडतो.
ती हसली नाही.
तिच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं.

सबंध नोकरी तिने बंदरावर काढलेली.
लोहखनिजाचं जहाज किती पाण्यात बसलंय
ते त्याच्या अंगावरचे आकडे वाचून सांगायची.
मला इंच शिकवू नकोस, असा चेहरा करून म्हणाली,
"एकतीस वर्षं ही पायरी मला पाठ होती.
त्या दिवशी हातात बटाट्यांचं पातेलं होतं.
पाय दिसत नव्हते, एवढंच.
पडल्या पडल्या मी आधी बटाटे मोजले."

फरश्या उपसल्या. खाली मुंग्या, एक गंजका चमचा,
आणि कुणीतरी खडीऐवजी भरलेली नुसती माती.
ती काढली, खडी घातली, धुमसाने ठोकली, पुन्हा ठोकली.
फुटाला पाव इंच उतार, घरापासून दूर,
म्हणजे पाणी साचणार नाही
आणि गोठायला निमित्त मिळणार नाही.
दोरी ताणली, तिच्यात पाय अडकून
माझाच भाचा ओटिस पालथा पडला.
हिल्का तेव्हा हसली, अगदी खोकला येईपर्यंत.

दाराची पायरी ठेवली, शेजारी कठडा बसवला.
"कडेला पिवळा पट्टा मारू?"
"हे घर आहे, बंदराचा धक्का नव्हे."
मग पांढुरक्या दगडाची कड. अंधारातही उठून दिसते.
ओट्याच्या चार इंचांना चार फुटांचा उतार दिला,
चाकाची खुर्चीही चढेल असा, मी बोलून गेलो.
"कुणाची खुर्ची?"
मी थापी पुसत राहिलो, पुसून झाली तरी.

अडीच मात्र काढूनच टाकले.
पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध थांबला.

सप्टेंबरात कठड्याचे स्क्रू बघायला गेलो.
संध्याकाळ. दोन हातांत दोन कप घेऊन ती आली,
आणि लायलॅकपाशी तिचा पाय उचलला गेला,
बरोबर अडीच इंच,
आणि काहीच नसलेल्यावरून दाणकन खाली आला.
कॉफी बाहीवर.
ती तशीच उभी. खाली बघत म्हणाली,
"अजून आहे इथे."

ट्रकमध्ये सहा लाल विटा उरल्या होत्या.
जुनी कड होती त्याच रेषेत
फरशी कापून त्या सपाट बसवल्या.
वरून हात फिरवला तर कळू नये,
डोळ्याला मात्र कळावं.
ती दोनदा त्यावरून चालली.
दुसऱ्यांदा पाय थोडाच उचलला.

विटांचे पैसे मी लावले नव्हते.
तिने बिल ओढून घेतलं,
आता बऱ्या झालेल्या हाताने शेवटी एक ओळ लिहिली:
पायरी एक. उंची शून्य.
पुढे रक्कम कोरी.