आगाऊ

यात्रेला अजून पाच महिने आहेत
आणि कालिंदामामीनं ओसरीवर वाकळ पसरलीय.
लेंगऱ्याची निम्मी आळी गलाईला गेलेली,
सेलम, कोइमतूर, कुठं कुठं.
येतील, चार दिवस राहतील,
जाताना प्रत्येकाच्या गाडीत एक.

"आत्तापासनं?"
"डोळं आत्ता हायत," ती म्हणाली
आणि सुई माझ्याकडं दिली, दोरा ओवायला.

वरनं विट्याच्या बाजारातलं लुगडं,
आत मामांचं धोतर, शाळेचा खाकी शर्ट,
कुठल्याशा सुनेला नको झालेली नायलॉनची साडी.
ती घसरते, म्हणून टाका दुहेरी.

सहा झाल्या. घड्या कपाटावर,
घडीत चिठ्ठी : संपत, बाळकू, नंदा…
सगळ्यात खालच्या जुन्या घडीत चिठ्ठी नाही.
"ही कुणाची?"
तिनं दातानं दोरा तोडला.
"विलासच्या घरात कोण यील त्येची.
बोलू नगंस कुठं. आगाऊ म्हणत्याल."

एक कोपरा शिवायचा ठेवलाय.
बाळ आलं की आत भाकरीचा घास सारायचा,
मग शेवटचा टाका.

विलासच्या लग्नाला अकरा वर्षं झाली.
दर चैत्रात ती वाकळ उन्हात टाकते,
उघड्या कोपऱ्यात बोट घालून बघते,
मुंग्या तर नाहीत ना.