जस्त

ओडेन्सेहून डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा
मी 'स्वानुर'च्या पोटाखाली आडवा होतो,
दातांत बोल्ट, कपाळावर शेवाळ.

दोघींचे मेंदू तपासून झाले, त्या म्हणाल्या.
दोघी म्हणजे माझी आई आर्मगार्ड
आणि तिची थोरली बहीण सुन्नवा.
क्लाक्सविकच्या एकाच मासळी-कारखान्यात
एकाच गार पाण्यात जन्मभर हात बुडवलेल्या.

आई एक्याऐंशीला गेली. शेवटची सहा वर्षं
विचारायची, तू कुणाचा रे?
सांगितलं की लाजायची,
अगंबाई, मला मुलगा आहे होय!

मावशी चौऱ्याण्णवची होऊन गेली.
तिला अठ्ठावन्न साली बुडालेल्या होडीचा नंबर पाठ,
त्या दिवशीचा वारा पाठ,
आणि कुणी कुणाचे किती क्रोनर बुडवले तेही.

गाळ दोघींच्या मेंदूत सारखाच होता म्हणे.
तीच पुटं, त्याच गाठी.
फक्त मावशीचं एक जनुक उतारवयात जागं झालं
आणि जागंच राहिलं.
आईचं... बाई शब्द शोधत राहिल्या... निजलेलं.
प्राणवायूनं होणारी झीज ते आवरतं,
असं आम्हाला वाटतं. वाटतं, हं.

गंज, मी म्हटलं.
त्या थांबल्या. म्हणा हवं तर.

गंज मला कळतो, बाई.
जिच्यावर जगायचं तीच हवा आपल्याला खाते.
म्हणून तर सुकाणूपाशी आम्ही जस्ताची वडी बसवतो,
समुद्राला सांगतो, हिला खा,
लोखंडाला तोंड लावू नकोस.
वर्षानं वडीची चाळण होते
आणि पंख्याचं पातं कोरं करकरीत.
वडीकडे बघतंय कोण.

दर मंगळवारी दोनच्या बसनं मावशी यायची,
पिशवीत वाऱ्यावर सुकवलेलं मटण.
तू कोण, आई विचारायची.
सुन्नवा. तुझी बहीण.
दर वेळी पहिल्यांदाच सांगावं तसं.
मग आईला तिचंच बालपण सांगत बसायची,
शेजारणीची गोष्ट असावी तसं,
आणि आई हसायची, मग काय झालं त्या पोरीचं?
परतीच्या बसमध्ये चढताना
मावशी थोडी कमी झालेली असायची.

तुमचंही रक्त बघायचं का? बाईंनी विचारलं.
मी म्हटलं, भरती येतेय.

जनुकाचं नाव त्यांनी सावकाश, अक्षर अक्षर सांगितलं.
कागद नव्हता. खडूनं होडीच्या बुडावर लिहून घेतलं.
दुपारी रंग मारला,
ते आत राहिलं.